व्हिडिओ कॉन्फरन्सच्या संचावरची रेकॉर्डिंग्ज नेटवर्कवरून उघडत नाहीत : पुन्हा पुन्हा येणारी अडचण आणि तिचे उपाय

हॉलमधला व्हिडिओ कॉन्फरन्सचा संच व्यवस्थित चालतो. कॉल लागतो, चित्र येतं, आवाज येतो, रेकॉर्डिंगही होतं. पण ते रेकॉर्डिंग घ्यायला आपल्या संगणकावरून संचाच्या शेअर्ड फोल्डरमध्ये गेलं, की विंडोज म्हणतं नेटवर्क पाथ सापडला नाही, आणि सोबत ८००७००३५ ने संपणारा एरर कोड दाखवतं. मागच्या महिन्यात याच संगणकावरून हेच फोल्डर उघडत होतं आणि मध्यंतरी कोणी कशाला हात लावलेला नाही. मग कोणीतरी संच बंद करून चालू करतो, कोणीतरी केबल बदलतो, शेवटी पेनड्राइव्ह लावून त्या दिवसाचं काम भागवलं जातं. काही आठवड्यांनी तेच पुन्हा.

प्रशिक्षण संस्था, महाविद्यालयं, बँकांची मुख्य कार्यालयं, जिथे जिथे आठ-दहा वर्षांपूर्वीचे संच भिंतीला लावलेले आहेत, तिथे ही तक्रार ठरलेली असते. बहुतेक वेळा संचात काहीही बिघडलेलं नसतं. संच होता तसाच आहे, संगणक मात्र दर अपडेटबरोबर बदलत गेला आहे. म्हणून संच फॅक्टरी रिसेट करण्याची घाई करू नका. रिसेटने तुमचं ॲड्रेस बुक जाईल, कॉलची सेटिंग्ज जातील, काही संचांवर रेकॉर्डिंग्जही जातील, आणि फोल्डर तरीही उघडणार नाही.

आधी अडलंय कुठे ते बघा

सगळ्यात साधं कारण आधी तपासायचं : संचाचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, बदललाय का? वीज गेली आणि परत आली, राउटर आणि संच दोन्ही पुन्हा सुरू झाले, डीएचसीपीने (पत्ते आपोआप वाटणाऱ्या सेवेने) संचाला दुसरा पत्ता दिला, आणि तुमच्या डेस्कटॉपवरचा शॉर्टकट अजून जुन्याच पत्त्यावर जातोय. संचाच्या स्क्रीनवर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये जाऊन पत्ता वाचा. तो बदललेला निघाला तर राउटरमध्ये संचाच्या मॅक ॲड्रेससाठी (त्याच्या नेटवर्क कार्डाच्या ओळख-क्रमांकासाठी) कायमचा पत्ता राखून ठेवा. हा विषय तिथेच संपला.

पत्ता बरोबर असेल तर पिंग करा, म्हणजे त्या पत्त्याला छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का बघा. पिंगला उत्तर आलं म्हणजे फोल्डर उघडेलच असं नाही, एवढंच कळतं की वाट मोकळी आहे. उत्तर आलं नाही तर दोन शक्यता बघा. अनेक ठिकाणी व्हिडिओचे संच वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या काढलेल्या भागात) ठेवलेले असतात, आणि तुमचा लॅपटॉप पाहुण्यांसाठीच्या वायफायवर असेल तर तो तिथे पोचतच नाही. दुसरं म्हणजे, वायफायच्या ॲक्सेस पॉइंटवर क्लायंट आयसोलेशन चालू असेल तर एकाच नेटवर्कमधली दोन उपकरणंही एकमेकांना दिसत नाहीत. लॅपटॉपला केबल लावून बघितलं की हा गुंता लगेच सुटतो.

खरी माहिती मिळते ती पोर्ट, म्हणजे एकेका सेवेचं क्रमांक असलेलं दार, तपासल्यावर. पॉवरशेल (विंडोजमधली आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा संचाचा पत्ता आणि पोर्ट नंबर देऊन चालवा. शेअर्ड फोल्डरसाठी पोर्ट ४४५, एफटीपीसाठी (फाईल्स पाठवायची जुनी पद्धत) २१, एसएफटीपीसाठी (त्याच कामाची सुरक्षित पद्धत) २२, वेब पेजसाठी ८० आणि ४४३. उत्तराच्या शेवटच्या ओळीत ट्रू किंवा फॉल्स येतं. ४४५ ला ट्रू आलं आणि तरी फोल्डर उघडत नाही, तर नेटवर्कवाल्याला फोन करू नका. दोन यंत्रं एकमेकांपर्यंत पोचली आहेत, त्यांचं प्रोटोकॉलवर, म्हणजे बोलण्याच्या पद्धतीवर, जमत नाहीये. ४४५ ला फॉल्स आणि १३९ ला ट्रू, हे फारच जुन्या संचाचं लक्षण आहे. सगळीकडे फॉल्स असेल तर संचाच्या ॲडमिन सेटिंग्जमध्ये फाईल शेअरिंग किंवा एफटीपी बंद आहे का ते बघा, कारण फर्मवेअर (संचाच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट झाल्यावर या सेवा बंद झालेल्या सापडतात.

एक्स्प्लोररमधल्या ‘नेटवर्क’ या यादीत संच दिसत नाही म्हणून तो नेटवर्कवरच नाही असं समजू नका. ती जुनी यादी विंडोजच्या ज्या ‘कॉम्प्युटर ब्राउझर’ सेवेवर चालायची, ती एसएमबीच्या (विंडोजच्या फोल्डर शेअर करायच्या प्रोटोकॉलच्या) पहिल्या आवृत्तीबरोबरच गेली. वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे संचाचा पत्ता टाकून थेट जा.

एसएमबीची पहिली आवृत्ती : मूळ दुखणं हेच

विंडोज फोल्डर शेअर करतं ते एसएमबी प्रोटोकॉलने. जुने संच आणि रेकॉर्डर त्याची पहिलीच आवृत्ती, म्हणजे एसएमबी-१ जाणतात. २०१७ च्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ती काढायला सुरुवात केली. एंटरप्राइझ आणि एज्युकेशन आवृत्त्यांमध्ये ती मुळातच बसवलेली येईना. होम आणि प्रोमध्ये तिचा क्लायंट, म्हणजे दुसऱ्या यंत्रावरचं फोल्डर उघडणारा भाग, ठेवला होता, पण एका अटीवर : एकूण १५ दिवस तो वापरला गेला नाही, तर विंडोज तो आपणहून काढून टाकणार. संगणक बंद असेल तेवढा वेळ या १५ दिवसांत धरत नाहीत. पुढे १८०९ पासून प्रोच्या नव्या इन्स्टॉलेशनमध्येही तो येईनासा झाला.

आता ‘कोणी काही बदललं नाही तरी बंद पडलं’ याचा उलगडा होतो. दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीत प्रशिक्षण वर्ग नसतात, पण कार्यालय चालू असतं. संगणक रोज चालू होतो, पत्रं टाइप होतात, फक्त रेकॉर्डिंगच्या फोल्डरकडे कोणी फिरकत नाही. पंधरा दिवस भरतात, क्लायंट निघून जातो, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्याच वर्गाचं रेकॉर्डिंग मिळत नाही. शेजारच्या टेबलावरचा संगणक, जो मधल्या काळात एकदा का होईना फोल्डरमध्ये गेला होता, तो मात्र बिनतक्रार उघडतो. त्यामुळे संशय उगाच पहिल्या संगणकावर किंवा त्याच्या मालकावर जातो. नवा लॅपटॉप आला किंवा विंडोज नव्याने टाकलं, तरी हेच होतं.

याचा झटपट उपाय तुम्हाला सगळीकडे ऐकायला मिळेल : कंट्रोल पॅनेलमध्ये ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ उघडा, एसएमबी १.० च्या चौकटीत टिक करा, संगणक पुन्हा सुरू करा. चालतं ते. मुख्य चौकटीत टिक केली की तिच्या पोटातल्या तिन्ही चौकटींत टिक होते, हेही बघून ठेवा. त्यातली एक ‘ऑटोमॅटिक रिमूव्हल’ची, म्हणजे आपोआप काढून टाकण्याची असते, आणि एक ‘सर्व्हर’ची, म्हणजे आपलं फोल्डर दुसऱ्यांना देणाऱ्या भागाची. आपल्याला फक्त ‘क्लायंट’ हवा असतो.

तरीही प्रत्येकाच्या संगणकावर हे करून ठेवायला माझा ठाम विरोध आहे, आणि याचं कारण नुसतं पुस्तकी नाही. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने एसएमबी-१ मधल्या गंभीर त्रुटींसाठी एमएस १७-०१० हा सुरक्षा अपडेट काढला. दोन महिन्यांनी, मे २०१७ मध्ये, वॉनाक्राय हा खंडणी मागणारा घातक प्रोग्रॅम त्याच त्रुटीतून जगभर पसरला आणि ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचं काम अडलं. जून २०१७ च्या अखेरीस नॉटपेट्या हा आणखी एक घातक प्रोग्रॅम आला. त्याने न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं एक कंटेनर टर्मिनल ठप्प केलं, आणि कंटेनर चढवण्या-उतरवण्याची कामं खोळंबली. एका भिंतीवरच्या जुन्या यंत्रासाठी कार्यालयातल्या सगळ्या संगणकांवर हा दरवाजा उघडा ठेवणं कोणत्याही हिशेबात बसत नाही.

आधी संचाच्या फर्मवेअरची नवी आवृत्ती आहे का बघा. काही संचांना शेवटच्या अपडेटमध्ये एसएमबी-२ मिळालेलं असतं आणि ते ॲडमिन पानावर हाताने चालू करावं लागतं. ते नसेल तर मध्ये एक संगणक ठेवायचा. जुन्या संचाशी त्याच्या जुन्या प्रोटोकॉलने बोलणारा संपूर्ण कार्यालयात हा एकच संगणक असेल. त्याला दोन नेटवर्क कार्डं लावा, एक व्हिडिओच्या व्हीलॅनकडे आणि दुसरं कार्यालयाकडे, आणि या दोन्हींमध्ये राउटिंग (एका नेटवर्कमधून दुसऱ्यात थेट वाट) चालू ठेवू नका. कार्यालयातून निवृत्त झालेला एखादा डेस्कटॉप लिनक्स टाकून या कामाला उत्तम चालतो. तो रात्री संचावरून नव्या फाईल्स ओढून आपल्या डिस्कवर ठेवतो, आणि दिवसा कार्यालयातल्या लोकांना त्याच फाईल्स सांबामार्फत (लिनक्सवरून विंडोजला फोल्डर देणाऱ्या सॉफ्टवेअरमार्फत) एसएमबी-३ वर, प्रत्येकाच्या स्वतःच्या नावाने आणि पासवर्डने देतो. लिनक्सवर संचाचं फोल्डर माउंट करताना, म्हणजे जोडून घेताना, एसएमबीची आवृत्ती १.० अशी स्पष्ट लिहावी लागते, कारण २०१७ मधल्या ४.१३ कर्नलपासून (लिनक्सच्या गाभ्याच्या आवृत्तीपासून) लिनक्सही ती आपणहून वापरत नाही. सांबानेही २०१९ च्या ४.११ आवृत्तीपासून एसएमबी-१ डिफॉल्टला बंद केलं आहे, आणि कार्यालयाच्या बाजूला ते तसंच बंद राहू द्यायचं.

या मांडणीचा आणखी एक फायदा रोजच्या कामात जाणवतो. चालू बैठकीत कोणी दोन-तीन जीबीची फाईल ओढायला लागलं की जुन्या संचाची डिस्क आणि प्रोसेसर दोन्ही दमतात, आणि समोरच्याला चित्र तुटक दिसतं. सगळ्यांनी मधल्या संगणकावरूनच फाईल घ्यायची असा नियम झाला की ही तक्रार येत नाही.

गेस्ट, साइनिंग आणि जुने पासवर्ड

संच एसएमबी-२ बोलतो, तरी फोल्डर उघडत नाही, असं झालं तर एरर नीट वाचा. ‘ऑर्गनायझेशनच्या सिक्युरिटी पॉलिसीने अनऑथेंटिकेटेड गेस्ट ॲक्सेस अडवला आहे’ अशा अर्थाचं वाक्य असेल, तर संचाचं फोल्डर पासवर्डशिवाय उघडं ठेवलेलं आहे आणि विंडोजला तसं चालत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटपासून प्रो आवृत्तीतही हे बंधन आलं, म्हणून २०२४ नंतर घेतलेल्या लॅपटॉपवर ही तक्रार जास्त दिसते. यावर उपाय म्हणजे संचावर एक युजर तयार करून त्याला पासवर्ड देणं. विंडोजची पॉलिसी सैल करण्याचा मार्गही आहे, पण बैठकांची रेकॉर्डिंग्ज बिनपासवर्डाची ठेवू नयेतच. त्यात कोणाच्या बढतीची चर्चा असते, कोणाच्या आजाराची माहिती असते.

त्याच २४एच२ अपडेटने एंटरप्राइझ, एज्युकेशन आणि प्रोवर एसएमबी साइनिंग, म्हणजे प्रत्येक संदेशावर खरेपणाची डिजिटल सही, सक्तीचं केलं. संचाला साइनिंग जमत नसेल तर युजर-पासवर्ड बरोबर असूनही जोडणी होत नाही. इथेही मधला संगणकच कामी येतो.

पासवर्ड बदलल्यावर येणारी अडचण वेगळी. विंडोज क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (पासवर्ड साठवायच्या जागेत) जुना पासवर्ड धरून बसतं आणि तुम्हाला नवा विचारतच नाही. तिथून संचाची नोंद काढा, साइन आउट करून परत या. ‘एकाच युजरने एकापेक्षा जास्त नावांनी जोडणी करता येत नाही’ असा एरर आला, तर आधीची जोडणी अजून उघडी आहे. घाई असेल तेव्हा संचाच्या नावाऐवजी आयपी पत्त्याने जा. विंडोज त्याला वेगळं यंत्र समजतं आणि नव्याने युजर-पासवर्ड विचारतं.

एफटीपीने जाताना

कित्येक संच फाईल्स एफटीपीने देतात. पूर्वी ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की यादी यायची. २०२१ मध्ये फायरफॉक्सने ९० व्या आणि क्रोमने ९५ व्या आवृत्तीत एफटीपी काढून टाकलं. तेव्हापासून पान उघडत नाही, आणि लोकांना वाटतं संच गेला. फाईलझिला किंवा विनएससीपी हे एफटीपीचे प्रोग्रॅम वापरा.

एफटीपीची खास तक्रार अशी असते : लॉगिन होतं, ‘कनेक्टेड’ येतं, आणि मग यादी आणताना सगळं थांबतं. थोड्या वेळाने डिरेक्टरी लिस्टिंग मिळाली नाही असा संदेश येतो. एफटीपी दोन जोडण्या वापरतं, त्यातून हे होतं. पोर्ट २१ वर फक्त आज्ञा जातात. यादी आणि फाईल यांच्यासाठी दुसरी जोडणी लागते. ॲक्टिव्ह मोडमध्ये ही दुसरी जोडणी संच तुमच्या संगणकाकडे उघडायला बघतो, आणि तुमचा फायरवॉल त्याला आत येऊ देत नाही. पॅसिव्ह मोडमध्ये ती तुम्हीच संचाकडे उघडता, म्हणून फाईलझिलात पॅसिव्ह ठेवा. तरी अडलं तर वरच्या लॉगमध्ये बघा : संच नॅटच्या (आतले पत्ते एकाच बाहेरच्या पत्त्यामागे झाकणाऱ्या राउटरच्या) मागे असेल तर तो स्वतःचा आतला, १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता कळवतो, आणि बाहेरच्या नेटवर्कवरून तो पत्ता गाठता येत नाही. फाईलझिला हे ओळखून मूळ पत्ताच वापरायचा प्रयत्न करतं, विनएससीपीत तसा पर्याय आहे. पण मधल्या फायरवॉलवर पॅसिव्हचे पोर्ट बंद असतील तर दोघांचाही इलाज चालत नाही. ते पोर्ट उघडून घ्यायला नेटवर्कवाल्याला सांगावंच लागतं.

ट्रान्सफर टाइप बायनरीच ठेवा. एएससीआयआयमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या प्रकारात, आणलेली व्हिडिओ फाईल पूर्ण आल्यासारखी दिसते, पण चालत नाही, कारण वाटेत ओळींच्या शेवटाच्या खुणा बदलल्या जातात. आणि एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, म्हणून इंटरनेटवरून थेट संचाला एफटीपी करू नका. घरून काम असेल तर आधी कार्यालयाच्या व्हीपीएनमध्ये (इंटरनेटवरून कार्यालयाच्या नेटवर्कला जोडणाऱ्या सुरक्षित वाटेत) या. संचाला एसएफटीपी येत असेल तर तेच वापरा.

फाईल मिळाली, पण उघडत नाही किंवा सापडत नाही

संगणकावर आलेली एमपी४ फाईल प्लेयर उघडत नसेल, तर ती रेकॉर्डिंग चालू असताना कॉपी झाली होती का, किंवा रेकॉर्डिंगच्या मध्ये वीज गेली होती का, हे विचारा. बहुतेक रेकॉर्डर एमपी४ फाईलची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवल्यावर, शेवटी लिहितात. ती लिहिली गेली नाही तर चित्र-आवाज फाईलमध्ये असूनही प्लेयरला वाचता येत नाहीत. अशी फाईल फेकून देऊ नका. त्याच संचावर त्याच सेटिंगने केलेली एक चांगली फाईल नमुना म्हणून देऊन तुटलेली फाईल दुरुस्त करणारी मोफत साधनं आहेत, आणि ती बऱ्याचदा यशस्वी होतात. आणि संच यूपीएसवर घ्या. टीव्हीसाठी यूपीएस आणि रेकॉर्डर थेट भिंतीच्या सॉकेटला, अशी उलटी जोडणी बऱ्याच हॉलमध्ये दिसते.

फाईल चार जीबीला येऊन थांबते किंवा पेनड्राइव्हवर जात नाही, याचं कारण फॅट३२. त्यात एक फाईल चार जीबीपेक्षा मोठी बसत नाही, मग पेनड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना. हिशेब सोपा आहे. २ एमबीपीएसने रेकॉर्डिंग केलं तर तासाला साधारण ९०० एमबी होतात. ४ एमबीपीएसला १.८ जीबी, म्हणजे सव्वादोन तासांच्या थोडं पुढे मर्यादा येते. दिवसभराच्या प्रशिक्षणात ती येणारच. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. संचाच्या आतल्या डिस्कचा प्रश्न असेल तर जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्डिंग थांबवून नवं सुरू करा.

फाईलच्या नावांकडे कोणी बघत नाही, आणि बरीच हरवलेली रेकॉर्डिंग्ज नावामुळेच हरवलेली असतात. बैठकीचं नाव लिहिताना वेळ १०:३० अशी लिहिली, की तो विसर्ग-चिन्हासारखा कोलन विंडोजला फाईलच्या नावात चालत नाही. लिनक्सवर चालणाऱ्या संचाला मात्र चालतो. मग विंडोजमधून बघणाऱ्याला मधोमध ~ असलेलं आखूड, अगम्य नाव दिसतं, आणि तो ‘माझी फाईल नाही’ म्हणून परत जातो. वेळ १०-३० अशी लिहा.

मराठी नावांचा वेगळा मुद्दा आहे. लिनक्सच्या नेहमीच्या फाईल सिस्टिममध्ये नावाला २५५ बाइट मिळतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-अनुस्वार धरून, युटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) तीन बाइट घेतं, म्हणजे हाती उरतात फक्त ८५ चिन्हं. ‘जिल्हास्तरीय अंगणवाडी पर्यवेक्षिका क्षमतावृद्धी प्रशिक्षण’ एवढंच लिहिलं की साठीच्या घरात गेलात, पुढे तारीख, सत्र आणि व्याख्यात्यांचं नाव राहतंच. नाव कापलं जातं, किंवा सेव्हच होत नाही. जुना एफटीपी सर्व्हर तर मराठी नाव नुसत्या प्रश्नचिन्हांत दाखवतो. नावात मराठी ठेवायला हवंच, पण आखूड ठेवा : तारीख आधी, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, मग दोन-तीन शब्द. तपशील सोबतच्या वहीत किंवा शीटमध्ये लिहा.

तारखेचं म्हणाल तर आधी संचाचं घड्याळ बघा. सकाळी अकराची बैठक पहाटे साडेपाचची दिसत असेल तर संच यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर) आहे, टाइम झोन बदला. तारीख कित्येक वर्षं मागची दिसत असेल तर आतली बॅटरी संपली आहे. हे तातडीने दुरुस्त करा, कारण ‘९० दिवसांपेक्षा जुन्या फाईल्स काढून टाका’ असा नियम लावलेला असेल, तर कालचं रेकॉर्डिंगही त्याला जुनं वाटू शकतं. एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ आपोआप जुळवणं, चालू करा. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या टाइम सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळवायची आहेत. संचासाठी तोच पत्ता वापरा. व्हिडिओच्या व्हीलॅनमधून यूडीपी १२३ पोर्ट बाहेर जातोय ना, तेही तपासा.

डिस्क भरल्यावर काय करायचं

डिस्क भरली की काही संच नवं रेकॉर्डिंग सुरूच करत नाहीत, काही सगळ्यात जुनं गुपचूप पुसतात. तुमचा संच यातलं काय करतो ते सेटिंग्जमध्ये आजच बघून ठेवा.

फाईल्स हलवताना एक्स्प्लोररमध्ये कट-पेस्ट करू नका. मोठी फाईल अर्ध्यात तुटली तर नेमकं काय कुठे राहिलं हे कळायला वेळ जातो. आधी कॉपी, मग दोन्हीकडचा आकार बाइटपर्यंत जुळवणं, महत्त्वाचं रेकॉर्डिंग असेल तर सुरुवात, मध्य आणि शेवट चालवून बघणं, आणि मगच संचावरून पुसणं. विंडोजवर रोबोकॉपी हे कॉपी करायचं साधन हे काम छान करतं : तुटलेली कॉपी तिथूनच पुढे सुरू करायचा पर्याय त्यात आहे, आणि टास्क शेड्यूलरमध्ये टाकलं की ते रात्री आपोआप चालतं. लिनक्सच्या मधल्या संगणकावर त्याच कामाचं आरसिंक वापरा.

फाईल पुसण्याचा अधिकार एका माणसाकडे आणि त्याच्या गैरहजेरीत दुसऱ्याकडे ठेवा, बाकी सगळ्यांना फक्त वाचण्याचा. संचाचा कारखान्यातून आलेला ॲडमिन पासवर्ड बदललेला नसेल तर तो आधी बदला, कारण त्या एका पासवर्डने रेकॉर्डिंग्ज तर पुसता येतातच, शिवाय हॉलमधला कॅमेरा आणि माइकही दुरून चालू करता येतात.

संचाचं वेब पेजच उघडत नसेल आणि ब्राउझर प्रोटोकॉलची आवृत्ती जुळत नाही असं सांगत असेल, तर संच टीएलएस या वेबवरच्या सुरक्षित जोडणीच्या प्रोटोकॉलच्या १.० किंवा १.१ या जुन्या आवृत्तीवर अडकलेला आहे. २०२० मध्ये मोठ्या ब्राउझरांनी ते बंद केले. फर्मवेअर अपडेट हा पहिला उपाय. अपडेट येणंच थांबलं असेल, तर जुना ब्राउझर फक्त त्या मधल्या संगणकावर ठेवा, आणि त्या संगणकावरून इंटरनेटला जाऊ देऊ नका.